सहा फ्रेम

सेंगा पेट्री. डंडीची.
आईचं नाव अ‍ॅग्नेस, त्याचीच अक्षरं उलटी लावून
हिचं नाव केलेलं. आमच्याकडे असं करतात.
"मी जन्मापासूनच उलटी," ती सांगायची,
कुणी विचारलेलं नसतानाही.

आई घड्याळांच्या कारखान्यात. घड्याळं गेली,
छोटे कॉम्प्युटर आले, मग कारखानाच गेला.
घरी तपासणीत नापास झालेला एक तुकडा उरला,
त्याचं एक बटण कायमचं रुतलेलं,
म्हणून सेंगाच्या पहिल्या खेळातला माणूस
डावीकडे वळूच शकत नसे.
लोक त्याला शैली म्हणाले.

मी तिच्या खेळांचे आवाज करायचो.
हाड मोडायचं तर सेलरीची काडी,
बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नफ्लावरची पिशवी.
चिप्सच्या दुकानावरची खोली,
पडद्यांना तळणाचा वास, भाडं दोन महिने थकलेलं.

त्याआधी ती मोठ्या कंपनीत होती.
तिथे तिला एक बटण रंगवायला दिलं:
'आणखी तीन जीव विकत घ्या.'
भर बैठकीत तिने विचारलं,
नऊ वर्षांच्या पोराच्या खिशात हात घालायचाच
तर तो धुऊन घालायचा की तसाच?
शुक्रवारी तिचं टेबल रिकामं.

बक्षीस मिळालं तेव्हाही तेच.
काचेचा मासा बगलेत धरून
तिने प्रायोजकांची नावं वाचली, सावकाश,
प्रत्येकापुढे त्याने पोरांकडून काढलेली रक्कम.
माइक बंद केला.
पण पणजी तागाच्या गिरणीतली,
यंत्रांच्या वर चढणारा घसा घरातच होता.
शेवटच्या रांगेतल्या वाढप्यालाही
शेवटचा आकडा ऐकू गेला.

पण उडी.
उडीबद्दल बोलताना ती कुणावर खेकसत नसे.
कडा संपते, बोट उशिरा पडतं,
खेळणारा खरं तर हवेत असतो,
पडायलाच हवा.
तिथे ती सहा फ्रेम ठेवायची.
सेकंदाचा दहावा भाग.
पायाखाली काही नाही, तरी उडी मंजूर.
"कळू द्यायचं नाही," ती म्हणायची,
"त्याला वाटू दे, आपण वेळेवर होतो."

रुअरी गेडिस एकोणीसचा होता.
बंदरात वाट चुकलेल्या सीलचा खेळ,
त्याचा पहिलाच, दोनशे लोकांसमोर.
सेंगाने चार मिनिटं खेळून कंट्रोलर खाली ठेवला.
"हा खेळ नाही, नोकरीचा अर्ज आहे.
आणि या सीलने जन्मात पाणी पाहिलेलं नाही."
सभागृह हसलं.
मी रेकॉर्डिंग करत होतो. नंतर कानाला लावून ऐकलं,
त्यात माझं हसणं वेगळं ओळखू येतं.

अकरा वर्षं. तिचे चार खेळ, त्यातले तीन बुडाले,
चौथ्यावर तिने छपराची गळती काढली
आणि दुसरा भाग करायला साफ नकार दिला.

मग एका संध्याकाळी बावीस नंबरची बस.
तिने सुटे पैसे टाकले. ड्रायव्हर म्हणाला,
"उडी वाईटच होती. तुमचं बरोबर होतं."
दार लावलं. आरशात पाहिलं.
"बाजूला घेऊन सांगता आलं असतं."
बस हलली, थांबा मागे पडला,
फुटपाथवरून कुणी बाई पिशव्या सांभाळत धावत होती.
रुअरीने ब्रेक दाबला, दार उघडलं.
बाई चढली, धापा टाकत, खूश:
"बरं झालं बाई, वेळेवर पोचले."

हे सगळं सेंगाने मला त्याच रात्री सांगितलं,
एकही शिवी न देता, कोट अंगावरच.
मग विचारलं,
सील पाण्यात शिरतो, तो आवाज कसा करशील?

मी बादली भरली.
ओला टॉवेल सोडला.
"पुन्हा," ती म्हणाली.
"अजून हळू."