दहाची रेघ

काचनळीत दहाच्या रेघेपर्यंत पाणी,
वर शंभरपर्यंत पंपावरचं पेट्रोल,
अंगठ्यानं तोंड दाबून हलवायचं,
मग खिडकीत उभं करून वाट बघायची.
तातो याला प्रार्थना म्हणतो.
चर्चमध्ये तो मागच्या बाकावर झोपतो.

पेट्रोलात गव्हाची दारू मिसळलेली असली
तर ती खाली उतरून पाण्याला मिळते
आणि पाण्याची रेघ वर चढते.
दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.
तातो मोटारीच्या पेट्रोलला पाण्यात पाहतो,
अगदी अक्षरशः.

जुलै. सस्कॅचवन. कॅनोला पिवळाजर्द, नजर संपेपर्यंत.
विमानाचं निळं पेट्रोल आणणारा टँकर
गेल्या वर्षीपासून येत नाही;
एका गवती धावपट्टीसाठी, एका जुन्या सेसनासाठी
इतक्या लांब कोण येणार?
हँगरच्या कोपऱ्यात एक पिंप उरलंय.
त्यावर खडूनं, तातोच्या अक्षरात:
विमान. फक्त विमान.

हे त्यानं स्वतःलाच बजावलंय.
चोर तोच होता.
जुन्या पिकअपला तो रात्री दोन कॅन निळं पाजायचा
आणि सकाळी आईला दारात उभं करायचा,
ऐक, मांजरीसारखी गुरगुरते की नाही!
मग आईच्या नव्या गाडीलाही पाजलं. मायेनंच.
तीन टाक्या झाल्या आणि
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो विझेचना.
धुराड्याच्या पोटातली जाळी शिशानं बसली होती.
बिल हातात ठेवताना लिओ डेजार्ले म्हणाला,
"ओरेस्ट, बायकोवर प्रेम असेल
तर फुलं देत जा."

शिसं.
शिसपेन्सिलीत नसतं, या निळ्यात असतं.
बारा वर्षांची असल्यापासून मी
प्लग काढून, दाताच्या डॉक्टरची जुनी सळई घेऊन
त्यातले करडे मणी उकरत आलेय,
मोहरीएवढे,
आणि त्याच हातांनी दुपारचं सँडविच.
हात धू, असं कुणी म्हटलं नाही.
आता माझ्या मुलाला मी त्या बाकाजवळ फिरकू देत नाही.
तातो विचारतो, तुला काय झालंय मोठं?
मी गप्प बसते.
मला काय झालं, ते मला कसं कळणार?

डोळ्यांपायी त्याचा परवाना गेला दोन हिवाळ्यांपूर्वी.
उडवते मी. तो शेजारी बसतो
आणि इंजिन ऐकतो.
आज मीच कॅन भरून आणला पंपावरून,
निळ्याच्या निम्म्या भावात.
पंपावर चिकटपट्टी होती: यात इथेनॉल नाही.
गल्ल्यावरच्या पोरीनंही शपथ घेतली.

"रेघ कुठाय, डार्का?"

वारा पडलेला. आभाळ धुऊन टांगल्यासारखं.
सेसनाचं दार उघडंच, तातोची टोपी सीटवर.
मला एवढंच म्हणायचं होतं, दहा.
गाडी अडली तर बाजूला घेता येते,
टोपण उघडून शिव्या घालता येतात,
कुणीतरी थांबतं.
आभाळाला साइडपट्टी नसते.

"सतरा," मी म्हणाले.

तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला,
जणू सतरा दिसत होतं.
मग चाचपडत कोपऱ्यात गेला,
पिंपावर बोटानं वरून खाली वाजवत आला:
टण, टण, टण, ठप्प.
"चार तास," म्हणाला.
"वारा पाठीशी असला तर साडेचार."
आणि टोपी घेऊन आला सीटवरची.

कॅन मी माझ्या गाडीत रिकामा केला.
घरापर्यंत बावीस किलोमीटर खडीचा रस्ता.
तातोनं काच खाली केली, कान बाहेर काढला.
गाडी गुरगुरली नाही.
नुसती चालली.