लालजडी

डबा उघडला तर आत पायमोजा,
मोज्यात ओली रेती, रेतीत
आल्याच्या बोटासारखं काहीतरी, लालसर, केसाळ.
खिलेंद्रची चिठ्ठी, फौजेतल्या सरळ अक्षरात:
फुई, ही चौकीमागं उगवते. इथले लोक लालजडी म्हणतात.
निळं फूल. सहा महिने बर्फाखाली मरून राहते,
मग उठते. लावून पाहा.

बर्फ आम्ही पाहतो
लग्नात, थंड्याच्या टाकीत.

खुरपं घेऊन सांदवाडीभर फिरले.
आंब्याखाली नको, मुंगळे आहेत.
मोरीजवळ नको, साबण लागेल.
शेवटी बंद कूलरमागं, उन्हाळ्यात ताटीचं पाणी
ठिबकेल हा हिशेब करून,
पुरली बोटभर खोल. वरून धानाचा कोंडा.

पंधरा दिवसांनी पान आलं.
झेलन रहांगडाले कुंपणावरून म्हणाली,
काऊन वं, भेंडी? अन् एवढ्या थंडीत?
खरंच, भेंडीचंच पान,
पण तान्ह्या लेकराच्या पंजाएवढं.
पूस गेला, माघ आला.
आम्ही शेकोटीला चिकटलेले, आणि ही पसरत चाललेली.
आमची थंडी तिला
तिच्या गावच्या उन्हाळ्यासारखी वाटत असावी.

एका सकाळी फूल. आठ आण्याएवढं,
निळं, मधे पांढरं, शिरा जांभळ्या.
पाकळ्या पाच. दोनदा मोजल्या.
मोजायची सवयच आहे मला:
दर जूनला पहाटे चार वाजता
बोडीच्या पाळीवर वही घेऊन बसते, सारस मोजते.
गेल्या साली चार लिहिले होते. त्याच्या आदल्या साली सात.

फूल गळलं आणि देठावर राहिली
लांब, सरळ, टोकदार चोच.
एकटीच हसले मी.
मान वर करून उभा सारस,
बोटाच्या पेराएवढा, माझ्या कूलरमागं.
याला कुठल्या रकान्यात लिहू?

नवतपा लागला. ताटी ठिबकत होती, तरी
पानं आधी पिवळी, मग कागद, मग नाहीच.
आमच्या घरचे म्हणाले,
रिकाम्या मातीला काऊन पाणी घालतेस?
म्हटलं, तिकडं तिला बर्फ असतो,
इकडं हे ऊन आहे. निजली असेल.
घालत राहिले. रोज सांजचं, एक गडवा.

मग पऱ्हे, रोवणी, घोट्यापर्यंत चिखल.
कोण बघतं.
पोळा झाला, दसरा झाला. एकदा उकरून पाहिलं:
काळी भुकटी, एक गांडूळ.
गांडुळावर माती परत लोटली.

कोजागिरीनंतर एका दुपारी भांडी घासताना
मोरीच्या दगडाशी, साबणाच्या फेसात,
भेंडीचं पान.
तान्हा पंजा. शेजारी आणखी एक.
कधी तडकली असेल ती चोच,
मी बोडीवर होते की चुलीपाशी,
गोफणीतून सुटावं तसं बी
चार हात उडून पडलं असेल
नेमकं तिथं, जिथं मी नको म्हटलं होतं.

खिलेंद्रला फोन लावला. लागला नाही.
वहिनी म्हणाली, चौकी बदलली त्याची,
आता वाळवंटात आहे. झाडबिड काही नाही म्हणे तिथं.

भांडी मी आता आंब्याखाली घासते,
मुंगळ्यांत.