वहन आकार

महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास मी किटाळीत असतो.
गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल,
मीटरचा फोटो, आकडा, पुढचं घर.
एका दाराला दीड मिनिट.
शकुन लांजेवारच्या दारात मात्र
अर्धा तास जातो.

या खेपेला ओसरीत राईस मिलवाल्या गभणेंचा वजनकाटा होता
आणि काट्यावर लाल सिलिंडर,
हळद लागलेल्या नवरदेवासारखा अवघडून उभा.
रिकाम्याचं वजन त्याच्या गळ्यापाशी लिहिलेलं असतं,
हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं.
पंधरा किलो आठशे.
भिंतीवर कोळशानं मांडलेलं:
नऊ दिवस, चार माणसं, दोन्ही वेळचा भात, वरण,
जावई आले त्या दिवसाचे वडे वेगळे,
गेला दोन किलो सातशे.

"आता शेगडी पाहू," ती म्हणाली.
नणंदेनं दिलेली, काळी, काचेची, डब्यातल्या थर्माकोलसकट.
तिच्यावर गंजात मापून पाणी ठेवलं
आणि मला मीटरखाली उभं केलं.
"तो लाल दिवा लुकलुकून राहिला ना, तो मोज.
तुले पगार त्याचाच भेटते."

मी मोजलं.
तीनशे चारला पाणी खळखळलं.
गॅसवरचं तोवर नुसतं कुजबुजत होतं,
पण पोरांची पैज गॅसवर होती,
म्हणून त्यांनी निकाल मानला नाही.

जुनी एजन्सी गाडी फाट्यावरच थांबवते,
तिथून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं.
नवा माणूस म्हणतो, गुरुवारी दारात देतो.
"पह्यल्या गुरुवारी देईन. दुसऱ्या गुरुवारी
त्याचा फोन लागन का?"
हे तिनं भिंतीला विचारलं.
मी फोटो काढायला वळलो,
तर माझ्यापुढं मागच्या महिन्याचं बिल आलं.

स्थिर आकार?
घराला कुलूप लावलं तरी लागतो, बाई.
वीज आकार?
हा जळाल्याचा.
इंधन समायोजन?
त्याचं मला नका विचारू, साहेबालाही विचारू नका.
अन् हा, वहन आकार?
वीज इथवर वाहून आणायचे.

ती थांबली.
हात आपोआप डोक्यावर गेला,
चुंभळ बसते तिथं,
जिथं केस रुपयाएवढ्या गोलात विरळ आहेत.
"डोंगरीवरून मोळ्या आणत होतो आमी,
सासू पुढं, मी मागं.
बावीस वर्स.
तेव्हा नाई कोणी हा आकार लावला."
आणि हसली. मोठ्यानं,
काट्यावरचा सिलिंडर हलेल इतकं.

भिंतीवर तिसरा रकाना होता: चूल.
त्याच्यापुढं शून्य.
ते शून्य नवऱ्याच्या अक्षरातलं.
तिनं बोट ओलं केलं आणि पुसलं,
जागा काळपट राहिली.
तिथं काही लिहिलं नाही.

मग माझ्याकडं वळून म्हणाली,
हिशेब काही अवघड नाई.
दूध, चहा, आंघोळीचं पाणी शेगडीवर.
भात गॅसवर.
शंभर युनिटांच्या आत राहिलं तर शेगडी बरी,
एकशे एकापासून दर बदलते, मग गॅस बरा.
"म्हणून तू दहालेच येत जा.
मागच्या खेपेला तेरालेच आलता.
तीन दिवस तुहे, अन् पार झालो आमी."

मी मान डोलावली.
मान डोलावायला आकार लागत नाही.

पुढचा महिना चिखलाचा होता,
चुलबंद फुगलेली,
पुलाच्या अलीकडं गाडी लावून चालत आलो.
दहा तारीख.
मीटरवरचे आकडे वजा करून ती माझ्याआधीच बसली होती,
पोरीच्या पाटीवर.
अठ्ठ्याण्णव.

"बस," ती म्हणाली आणि शेगडीचं बटण दाबलं.
"चहा घे. दोन युनिट उरले हायत."