दोन ते सहा

हे परतले तेव्हा बेटावदच्या फलाटावर
पाय फाकवून उभे होते,
जणू फलाटच हलतोय.

अडतीस दिवस. बत्तीस फुटांची शिडाची होडी,
कोचीहून सेशेल्सपर्यंत, तीन माणसं;
होडी कुणा मालकाची, नुसती पोचवायची.
स्वयंपाक यांच्याकडे
आणि रात्रीची दोन ते सहाची पाळी.

आता वैशाख, गच्चीवर गाद्या.
बरोबर दोनला उठतात,
एक हात कठड्यावर ठेवून बसतात.
सुरतकडून मालगाडी येते. सिग्नल लाल.
"डावं अंग दाखवतोय," पुटपुटतात,
हिरवा पडेपर्यंत पापणी लववत नाहीत.

अंघोळ तीन तांब्यांत.
खिचडीच्या कुकरला दोरीची गाठ.
काचेचा पेला ठेवायचाच तर ओल्या फडक्यावर.
"याले काय व्हयनं वं माय?" सासूबाई विचारतात.
म्हशीचं दावं यांनी बांधलं की
आम्हाला एका झटक्यात सुटतं,
म्हशीला नाही.

एकदा वही उघडली.
वाटलं, वादळं असतील, देवमासे.

दिवस नववा. पाणी एकशे दहा लिटर.
टोमॅटो उलटेपालटे केले. दोन फेकले.

दिवस चौदावा. वारा नाही. शीड शिवलं.
जोसेफ बोलत नाही.

दिवस एकविसावा. शेव संपली. तिघंही गप्प.

(ती शेव माझी. चार किलो, जाडी,
भाजीत विरघळत नाही ती.)

दिवस सव्विसावा. कांद्याला कोंब. कापला नाही.

खळ्यात आमच्या कांद्याचा ढीग कमरेइतका,
कोंब आला की आम्ही शिव्या देतो.
का नाही कापला?
"हिरवं दुसरं काही नव्हतं,"
आणि कळण्याची भाकरी मोडू लागले.

काल पावणेदोनला मीच उठले.
म्हटलं, झोपा. माझी पाळी.
"काय बघशील?"
दिसेल ते.
आडवे झाले, हात मात्र कठड्यावरच.
हळूहळू तोही घसरला.

तीन गाड्या गेल्या, एक रिकामी.
पांझरेकडून जरा वारा, मग तोही नाही.
पलीकडे तुळसाबाईचा खोकला.
माठ अर्धा.

सहाला पेन शोधलं, एवढंच लिहिलं,
यांच्या शेवटच्या ओळीखाली.
फक्त दिवस कितवा
ते कळेना,
आणि हे अजून घोरत होते.