सल

नवतप्याचा तिसरा दिवस.
बाहेर सत्तेचाळीस, इनक्युबेटरात सदतीस.
मेडिकल चौकातून ओढणी गुंडाळून आत यावं
आणि पेशींचा हेवा करावा.

मुळात त्या एका नाळेच्या.
खाट अकरा, लोणारेबाई, मुलगी, अडीच किलो.
सही करताना म्हणाली होती,
"फेकूनच देता ना मॅडम? मंग घ्या."
पोरगी आता उमरेडला असेल, दात येत असतील.
नाळेतलं अस्तर दिवाळीपासून
द्रव नायट्रोजनात थिजून होतं,
परवा जागं केलं.

आता प्लेटच्या तळाशी
फरसबंदीसारखं लागून वाढलंय. गुळगुळीत.
पांढऱ्या पेशी सोडल्या तर घरंगळून जातात,
इतवारीच्या गर्दीत ओळख न देता जावं तशा.

दहा वाजून पाच.
टीएनएफ घातला, दहा नॅनोग्रॅम,
चिमटीला कळणारही नाही इतका.
कुठे जखम नाही, जंतू नाही,
मी नुसती हाक मारली आहे.
भिंतीला हे माहीत नाही.

बारा वाजता लाइट गेली.
जनरेटर खोकला, खोकला, लागला.
मेश्रामकाका अंगठा दाखवायला आले.
काटोलला साडूच्या बागेत
संत्र्याची सल काढताना काटा गेला होता;
अंगठ्याची सांबारवडी झालेली.

"मॅडम, तुमचे ते पांढरे शिपाई
नेमके इथंच काऊन उतरतेत?
नसेत तर अंधार राहते."

भिंत हात बाहेर काढते, काका.
काल नव्हते असे हात.
निरोप आत केंद्रकापर्यंत जातो,
तिथली मिटलेली पानं उघडतात,
त्यांच्याबरहुकूम हात घडतात.
पहिले सैल. धरतात, सुटतात, पुन्हा धरतात,
वाहणाऱ्याला गडगडत आणतात.
मागून येणारे घट्ट.
मग तो थांबतो, चपटा होतो,
दोन फरश्यांच्या सांध्यातून पलीकडे उतरतो.

काकांनी अंगठ्यावर फुंकर घातली.
"अन् हात मांगं कवा घेते?"

याची स्लाइड आहे माझ्याकडे, रंगीत.
सेलेक्टिन चार तासांत शिखरावर, उद्यापर्यंत ओसरलेलं.
व्हीकॅम, आयकॅम रेंगाळतात.
हाक थांबली तर तेही उतरतात, म्हणाले.
थांबली तर.

महालातली आई नाही सांगितली.
अकरा वर्षं तिच्या बोटांत कुणीतरी हाका मारतंय,
कोण ते डॉक्टरांनाही सापडलेलं नाही,
आणि तिथल्या भिंती इमानदार,
प्रत्येक हाकेला हात देतात.
कणीक शेजारची मळून जाते.

दोन वाजून पाच. प्लेट धुतली, मोजलं.
हाक न मारलेल्या चौकोनात नऊ.
मारलेल्यात एकशे त्रेचाळीस.
आकडे सुंदर आले की मला आनंद होतो,
तो आजही झाला. लपवत नाही.

एक प्लेट मात्र मागे ठेवलीय.
तिला हाक मारली, मग तासाभराने
तीनदा धुवून हाक काढून घेतली.
झाकणावर मार्करने लिहिलं: उद्या, दहा पाच.

काका जाताना इनक्युबेटरच्या काचेला
सुजलेला अंगठा टेकवून उभे राहिले.
"थंड लागते," म्हणाले.