वास

माती नवी कालवली की हिंदुराव वस्ताद
मूठभर उचलून नाकाशी धरत, डोळे मिटत.
"हळद जरा कमी झालीया."
मग ती मूठ एकेकाच्या नाकाखालून फिरे.
माझ्यापाशी आली की मीही डोळे मिटायचो.
"व्हय वस्ताद, जरा कमीच."

मला वाटायचं, वास घेणं ही एक रीत असते
नमस्कारासारखी.
सगळे करतात, आपण करायची.

नववीच्या दिवाळीत इंद्रजितचा आवाज फुटला.
रंकाळ्यावर त्यानं हाक मारली,
निम्मी पोराची, निम्मी बाप्याची.
मग हळूहळू सगळी तालीमच घोगरी झाली.
मी वाट बघत राहिलो.
एकोणिसाव्या वर्षीही फोनवर गॅसवाला विचारायचा,
"ताई, घरात कोण पुरुषमाणूस हाय का?"
मी म्हणायचो, "न्हाई."

हातपाय तेवढे वाढत होते, थांबायचं विसरल्यासारखे.
वस्ताद खूश. लांब हाताचा गडी.
आंघोळ मी सगळ्यांच्या मागून, अंधारात उरकायचो.

राजारामपुरीत बिरनाळे डॉक्टरीणबाईंकडे
लाकडी मण्यांची माळ होती,
हरभऱ्यापासून आवळ्यापर्यंत, मण्यामण्यावर आकडा.
थंड बोटांनी त्यांनी मापलं
आणि माळेतला दुसरा मणी धरला.
बाबांनी तोंड कॅलेंडरकडे फिरवलं.

मग कॉफीचा डबा उघडून माझ्या नाकाशी.
"डोळे मीट. कसला वास?"
सवयीनं तोंडून गेलं,
"जरा कमीच."
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

म्हणाल्या, आईच्या पोटात, दुसऱ्या महिन्यात
काही पेशी नाकापाशी जन्मतात आणि चालू लागतात.
हजारभर असतील.
वासाच्या शिरेचं बोट धरून मेंदूच्या तळाशी जायचं,
तिथं बसायचं,
आणि वेळ आली की तासा-दीड तासानं
थेंबभर निरोप सोडायचा.
वाटाण्याएवढी एक ग्रंथी तो ऐकते,
रक्तातून खाली कळवते,
तेव्हा कुठं खालची भट्टी पेटते.
"तुझ्या निघाल्या होत्या रे.
शीरच पुढं गेली नाही. त्या वाटेत बसल्या."

मी नाकाला हात लावला.
इथंच कुठंतरी,
एकोणीस वर्षं बिऱ्हाड मांडून.

"मग हा मुलगा झाला कसा?"
बाबा पहिल्यांदाच बोलले.
"वारेमुळं. तिच्यात एक रस असतो.
पहिले काही महिने वरच्या हुकमाचं काम तोच करतो."
म्हणजे जिच्या जिवावर पेढे वाटले
ती आजोळच्या परसात पुरलेली.

तोच रस आता बाटलीत,
आठवड्यातून तीनदा, पोटाच्या वळीत.
इंद्रजितनं सिरिंज बघितली. "तू बी?"
बाही वर करून त्यानं स्वतःचे डाग दाखवले,
जिममधल्या कुणीतरी दिलेल्या सुयांचे.
बाहेरून आयता माल आला, की आतली भट्टी विझते,
मी त्याला सांगितलं.
असल्या बारीक आवाजात सांगितलेलं
कोण खरं मानतो.

एका पहाटे गंगावेशीत,
म्हशीच्या धारेखाली पेला धरून मी म्हणालो, "अजून."
धार काढणाऱ्यानं दचकून वर बघितलं.
मीही मागं वळून बघितलं, कोण बोललं.

वास आला नाही.
तो यायचा नव्हताच, बाईंनी आधीच सांगितलं होतं.

वस्तादांची मूठ परवा फिरत आली.
मी डोळे उघडेच ठेवले.
"मला वास येत न्हाई वस्ताद. कधीच आला न्हाई."
मूठ तशीच हवेत.
"मग इतकी वर्सं हळद कमी म्हणत हुतास, ती?"
"तुमी म्हणत हुतासा म्हणून."

त्यांनी माती माझ्या तळव्यावर ओतली,
माझीच बोटं धरून तिच्यात फिरवली.
"हितं बघ. सुटी पडाल्या का न्हाई?"
मग दाराकडं तोंड करून ओरडले,
"आरं, हळद आणा रं कोणतरी."