मार्जिन

टिपणीसबाई चित्रं आणतात
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून,
आणि सुतळी सोडवली की तिची गुंडाळी करून
परत पर्समध्ये ठेवतात.

चरईत माझं दुकान. काच, पट्टी, माउंट, चुका.
देव, लग्नं, पदव्या, वारलेले,
सगळ्यांना चौकटीत बसवून देतो.
वारलेल्यांचं काम सकाळपर्यंत.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, एकतीस वर्षं.
रिटायर झाल्यावर वर्षभर नुसत्या बसून होत्या,
मग नातवानं टाकून दिलेले रंग उचलले.

काळा फोन, डायलला इवलंसं कुलूप.
पंपाचा स्टो, त्याची पिन भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली.
तारेत ओवलेली विजेची बिलं,
सगळ्यात खालचं इतकं पिवळं
की मी बोट लावून बघितलं.
आणि एक पोस्टकार्ड, मयताची बातमी.
ते वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही,
डोक्यावरून पाणी घ्यायचं.
बाईंनी ते अख्खं काढलंय. अक्षर सासऱ्यांचं.

मी सवयीनं दोन इंची क्रीम माउंट कापला.
बाईंनी लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.
‘ही मोकळी जागा कुठून आणलीत?
दहा बाय बाराची खोली आमची, माणसं सात.
स्टोला खेटून फोन, फोनला खेटून सासरे.
कशाच्याच भोवती एवढं कोरं नव्हतं हो.
काढा ते.’
काढलं. पट्टी थेट रंगाला भिडवली.
स्टो एकदम तापल्यासारखा दिसायला लागला.

एकच चित्र जमलं नाही म्हणतात.
मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडे, खात्यातला.
बाकीच्या अकरा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर
हाच नंबर, पुढे कंसात पीपी.
फोन आला की रिसिव्हर आडवा ठेवायचा,
गॅलरीत जाऊन हाक मारायची,
आणि मग ते माणूस यायचं.
‘ते येणं,’ बाई म्हणाल्या.
‘चार कागद फुकट घालवले.
पाय जमतात, जिना जमतो.
तोंड आलं की हात थांबतो.’

कापूरबावडीला प्रदर्शन लागलं, तीन दिवस.
स्टो गेला घोडबंदरला, एकतिसाव्या मजल्यावर.
चौथ्या दिवशी तोच स्टो माझ्या काउंटरवर,
ड्रायव्हरबरोबर. मालकीणबाई फोनवर:
फार आवळल्यासारखं वाटतंय, भिंत मोठी आहे,
तीन इंच मार्जिन द्या.
म्हटलं, विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, मग विचारा ना,
लागत नाहीये त्यांचा फोन, मी थांबते.

बाईंचा मोबाइल देव्हाऱ्याशी चार्जिंगला असतो, आवाज बंद करून.
मी मागच्या गल्लीत गेलो.
तिसऱ्या मजल्याकडे मान वर केली.
कित्येक वर्षांत एवढा घसा ताणला नव्हता:
‘बाईऽऽ, तुमचा फोन!’
वॉचमन खुर्चीतून उठला.
दोन खिडक्या उघडल्या, भलत्याच.

आणि त्या आल्या.
एक चप्पल स्वतःची, एक सुनेची,
कोपरापर्यंत कणीक,
‘कोणाचा? कुठनं? बरं आहे ना सगळं?’
हे मला नाही, जिन्यालाच विचारत.
लिफ्ट आहे त्या इमारतीत.

तोंडाकडे मी नीट बघून घेतलं.

मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरला
आणि ओरडून बोलल्या, घोडबंदर रत्नागिरीला असल्यासारखं:
‘घाला हो घाला मार्जिन!
तुमच्याकडे जागा आहे!’
मग हळू आवाजात, ‘तीन मिनिटं झाली का?’
असं मला विचारलं, आणि स्वतःच हसल्या.

फोन परत मिळाला तो पिठाच्या बोटांसकट.

संध्याकाळी माउंट कापला. तीन इंच.
मधला तुकडा निघतो, स्टोएवढा, कोरा.
एरवी तो कचऱ्यात.
आज पाठीमागे पेन्सिलीनं टिपणीस लिहिलं
आणि फळीवर ठेवून दिला.
चार कागद गेलेत त्यांचे.
हा पाचवा.